कळंब्याच्या तळ्यावर विचारलेला प्रश्न

माझी मावशी मंगळवार पेठेत राहते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. काका वारले. मुलगा नोकरीसाठी परगावी असतो, त्यामुळे घरात ती आणि सून दोघीच. सून एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. रविवारी सकाळी मी आणि मावशी कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जातो. फिरणं कमी, बाकावर बसून बोलणं जास्त.

अशाच एका रविवारी एक तरुण मोबाईल आणि शर्टाला लावायचा माइक घेऊन आमच्यापाशी आला. "मावशी, दोन मिनिटं. आजकालच्या सुनांबद्दल तुमचं मत काय?"

हल्ली मत विचारणारे पुष्कळ झालेत. ते ऐकायला थांबणारे कमी आहेत, असं माझं स्वतःचं मत. पण मावशीला आयुष्यात फारसं कुणी मत विचारलेलंच नव्हतं. घराला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा काकांनी परस्पर ठरवलेलं. तिनं पदर सारखा केला आणि माइक स्वतःच्या हातात घेतला.

"आमच्या सुनंला भाकरी येत न्हाय. थापायला घेतली की नकाशाच हुतोय. पर मी तिला म्हटलं, तू कामाला जा, भाकरी मी करतो. तिला येतंय ते मला येतंय व्हय? मला दम लागला तर पळापळ तीच करत्या की."

पोरगा खूश झाला. जाताना मावशीच्या पाया पडला.

दोन दिवसांनी ते शूटिंग माझ्या मोबाईलवर आलं. 'नकाशाच हुतोय' इथंच मावशीला थांबवलेलं, पुढं कुणाच्यातरी हसण्याचा आवाज, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं की सासूनं सुनेची अब्रू काढली. खाली लोकांची मतं होती. निम्मे मावशीला खाष्ट म्हणत होते, निम्मे सुनेला आळशी. दोन्ही बाजूंची एक गोष्ट मात्र सारखी होती: पोरीला आईनं वळण लावलं नाही.

मी तिथं लिहिलं, की मी शेजारीच बसले होते आणि बाई पुढं वेगळं बोलल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "तुम्ही सासूच्या वकील का?" मग मी त्या पोराला निरोप पाठवला. तो अगदी नम्रपणे बोलला. "ताई, लय लोक बघायलेत, पण तुम्ही म्हणताय तर काढतो." त्यानं खरंच काढलं. तोवर इतरांनी ते उचललेलं होतं, त्यामुळे काढण्याला अर्थ राहिला नव्हता.

सुनेपर्यंतही ते पोचलं, पण घरात तिनं विषय काढला नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरली, "मम्मीकडं जाऊन येते," म्हणाली आणि कोडोलीला माहेरी गेली. मावशीला सगळं कळलं ते तिच्या मुलाच्या फोनवरून. तो चिडला होता. मावशीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चल. मी जातो कोडोलीला. तू संगट ये, तू ऐकलंयस."

एसटीनं गेलो. विहीणबाई दारात म्हशीची वैरण टाकत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, पण बसल्या नाहीत.

मावशी म्हणाली, "बोला की. मनात ठिऊ नका."

"काय बोलू?" विहीणबाई म्हणाल्या. "डेअरीत दूध घालायला गेलो तर बायका इचारत्यात, पोरीला काय शिकीवलंस म्हणून. भाकरीच्या वक्ताला मी तिला पुस्तक दिलं. ते चुकलं व्हय माझं?" आणि त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

मावशीला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, सून रागावली असेल. विहिणीच्या वाट्याला काय आलं असेल याचा विचार तिनं केला नव्हता, खरं तर मीही केला नव्हता. मी काय काय ऐकलं होतं ते सांगितलं, शेवटपर्यंत. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. डोळे पुसले, पण चेहरा तसाच.

मावशी म्हणाली, "उद्या मी डेअरीत येतो तुमच्याबर. समद्या बायकांच्या म्होरं सांगतो माझी सून कशी हाय ते."

तेव्हा आतून सून बाहेर आली. आवाज न चढवता मावशीला म्हणाली,

"नको, आई. माझं चांगलंसुद्धा कुणाला सांगू नका."

"अगं, पर मी वाईट बोललोच न्हाय."

"माहितीय मला. पण तुम्हाला कुणीतरी रस्त्यात विचारलं आणि तुम्ही माझ्याबद्दल सांगितलं. मला कुठं विचारलंत?"

मावशीच्या पिढीत सुनेबद्दल बोलायला सुनेची परवानगी लागते, हे कुणी ऐकलेलं नसावं. तिनं उठून वैरण म्हशीपुढं सारली. मग म्हणाली, "व्हय. ते चुकलं."

सून आमच्याबरोबर आली नाही. सोमवारी थेट कामावर गेली आणि संध्याकाळी पेठेत परतली. त्या दोघींचं बरं चाललंय. तळ्यावर ओळखीचं कुणी भेटलं तर मावशी राजकारणावर, पाण्यावर, लग्नातल्या खर्चावर हवं तितकं बोलते. सुनेचा विषय निघाला की म्हणते, "ती घरात हाय. तिलाच इचारा."

विहीणबाई मात्र अजून मावशीकडं आलेल्या नाहीत. तूप पाठवतात लेकीबरोबर.