थोरलीचा स्वयंपाक

आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरच्या खिळ्याला चर्चचं जुनं कॅलेंडर अजून लटकलंय. वर्ष उलटलं तरी मी ते काढलं नाही, कारण त्यावरचं चित्र. चारेकशे वर्षांपूर्वीचं, स्पेनमधलं. पुढे एक मुलगी खलबत्त्यात काहीतरी कुटतेय. गाल फुगलेले, डोळे भरून आलेले. टेबलावर मासे, अंडी, लसूण, सुकी मिरची. मागून एक म्हातारी बोट दाखवून तिला काहीतरी सांगतेय. आणि प्रभू येशू? तो पार कोपऱ्यात, भिंतीतल्या चौकोनातून दिसणारा, बोटाएवढा. हा चित्रकार नक्की स्वयंपाकघरात वाढलेला असणार.

गोष्ट शुभवर्तमानातली. प्रभू दोन बहिणींच्या घरी पाहुणा येतो. थोरली स्वयंपाकात राबते, धाकटी त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. थोरली वैतागून म्हणते, हिला सांगा ना मला मदत करायला. तर प्रभू उलट थोरलीलाच समजावतो, की तू उगाच फार काळजी करतेस, धाकटीनं निवडलंय तेच चांगलं. यावर दर वर्षी एक उपदेश व्हायचाच, आणि परत येताना रिक्षात आईचा प्रश्नही ठरलेला असायचा. "ते सगळं खरं हो. पण त्या दिवशी मग जेवले का ते? पाळकसाहेब तेवढं कधी सांगत नाहीत."

मी घरातली थोरली. मला हा प्रश्न उपदेशापेक्षा जास्त पटायचा.

मग आई अंथरुणाला खिळली. येरवड्यातलं आमचं घर लहान, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी. त्या बाहेरच्या खोलीत तिची कॉट लावली. डॉक्टर म्हणाले, औषधं राहू द्या, आधी पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर काही खरं नाही. मी कंबर कसली. पेज, मऊ भात, मुगाचं कढण. आई एकेक घास तोंडात घोळवत बसायची. वाटीभर भाताला तास लागायचा, आणि मी शेजारी चमचा धरून, डोळा घड्याळावर. शेवटचे चार घास तर ती कधीच घ्यायची नाही, तोंडच मिटायची. "लहान बाळ आहेस का आई?" असं मी खेकसायचे, मग खेकसल्याबद्दल ओट्याशी उभी राहून रडायचे, आणि पुन्हा लसूण सोलायला घ्यायचे.

आठ महिन्यांनी साताऱ्याहून धाकटी बहीण आली. स्वारगेटला आणायला गेले तर बाईसाहेब कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन हसतमुख. घरी आल्या आल्या तिनं आईच्या कॉटवर मांडी घातली, ती तीन दिवस मोडली नाही. खिडकीतून मला दोघींचं हसणं ऐकू यायचं. आई चक्क हसत होती! माझ्या वाट्याला महिनोन्महिने फक्त 'हं' आणि 'नको' आले होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून ओरडलेच. "आई, सांग तुझ्या लाडकीला, जरा मदत कर म्हणावं मला!"

बोलले आणि जीभ चावली. हे वाक्य मी जन्मभर चर्चमध्ये ऐकत आले होते. धाकटी फिस्सकन हसली. आई मात्र हसली नाही. तिनं कॅलेंडरातल्या म्हातारीसारखं बोट वर केलं आणि धाकटीला म्हणाली, "जा, भात टाक." मग माझ्याकडे बोट वळवून, "तू इकडे ये."

मी ओढणीला हात पुसत गेले आणि कॉटच्या कडेवर टेकले.

"नीट बस."

बसले. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, धाकटीला फिकीर नाही. "करपणार बघ," म्हणत मी उठायला लागले, तर आईनं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं वाटलं नव्हतं.

"म्हणून जेवत नाही मी," ती म्हणाली.

"म्हणून म्हणजे?"

"वाटी रिकामी झाली की तू उठतेस. भरलेली असते तोवर बसतेस."

आठ महिने मला वाटत होतं की मी तिला भरवतेय, आणि ती बिचारी घास लांबवून मला धरून ठेवत होती. लाज वाटली. आणि इतकं बरंही वाटलं की रडूच आलं.

भात करपलाच. धाकटीनं वरवरचा काढला, त्यावर वरण आणि तूप घातलं आणि आईची वाटी, आमची दोघींची ताटं त्या खिडकीतून पुढे सरकवली. आईनं डोळे मिटून नेहमीची छोटी प्रार्थना म्हटली. मग मुकाट्यानं, करपट वासाबद्दल चकार शब्द न काढता, तिनं शेवटचा घाससुद्धा घेतला.

वाटी रिकामी झाली तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. खरकटे हात वाळून कोरडे झाले, सिंकमध्ये करपलेला कुकर तसाच पडला होता, तरी मी उठले नाही.