सातवा बोल्ट

होडी पाण्यात लोटण्याआधी तपासणीची यादी मीच भरते. काल इंजिनाच्या बोल्टांपुढे ‘ठीक’ लिहिणार, तेवढ्यात मिस्त्री दौलतमामांनी एकेक बोल्ट हातोडीने वाजवून पाहिला. सातवा बद्द वाजला. पाना लावताच त्याचं डोकं हातात आलं.

“हा तर सगळ्यात कडक होता. गंजही दिसत नव्हता,” मी म्हणाले.

“म्हणून तर, वहिनी. नरम लोखंड आधी वाकून सांगतं. कडक लोखंड खारं पाणी आणि हादरे सोसत आतून चिरत जातं. भर समुद्रात तुटला असता, तर तुमचे दीर यादी वाचत बसले असते.”

आमचे हे गेल्यापासून होडी आणि घर, दोन्ही भाऊजींच्या अंगावर आहेत. ते वाकलेले कधी दिसले नाहीत. रोज सकाळी मी विचारते, ते ‘बरं आहे’ म्हणतात आणि मी पुढच्या कामाला लागते. कणखर माणसाला कुणी वाजवून पाहत नाही.

नवा बोल्ट बसला, तेव्हा भाऊजी किनाऱ्यावर जाळं सांधत होते.

“कसं आहे, भाऊजी?”

“बरं आहे.”

मी यादी मिटली आणि त्यांच्याशेजारी वाळूत बसले. बऱ्याच वेळाने त्यांचे हात थांबले.

“वहिनी,” ते म्हणाले, “हल्ली झोप लागत नाही.”