देवस्थळी सरांची प्रतिकूल बाजू

देवस्थळी सर गेल्याचं मला कंपनीत कळलं. आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात फोन फक्त ऑफिसात, प्रयोगशाळेत नाही. शिपाई निरोप घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, तुमचे ते सर वारले. ते ओ, गणपतीत भाषण केलेले ते." मी हातातलं काम ठेवलं आणि स्टुलावर बसले. रडू आलं नाही, राग आला. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, आणि त्याची ओळख कुठली उरली, तर गणपतीतलं ते भाषण! ते भाषण माझ्याविरुद्ध होतं. आज सव्वा महिना झाला, राग पुरता उतरलेला नाही, आणि तो उतरायची वाट न पाहता मी लिहायला बसले आहे. सरांवर गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको.

उल्हासनगरच्या कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी होते. वर्गात निम्मी मुलं सिंधी, बाकीची आम्ही अंबरनाथ-बदलापूरहून येणारी. सर मराठी, हिंदी, इंग्रजी यांची भेळ करून शिकवायचे आणि कुणाचंच अडायचं नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आहे आणि त्यानं पृथ्वी तापत जाणार, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांत याचा शब्दही नसायचा. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, ये लोग कल की बारिश तो बता नहीं सकते, पचास साल बाद का क्या बताएँगे?" वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "तू कधी मरशील हे विमा कंपनीला सांगता येत नाही. पण हजार माणसांतली साधारण किती मरतील ते तिला बरोबर कळतं, म्हणून तर तिचा धंदा चालतो. उद्याचा पाऊस म्हणजे एक माणूस. हवामान म्हणजे हजार." मी ते वहीच्या समासात लिहून घेतलं. इतकं साधं करून सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पुढे मी नोकरीला लागले तरी सरांचा हात सोडला नाही. रविवारी आम्ही दोघं स्लाइड दाखवायचं यंत्र घेऊन बदलापूर, वांगणीच्या शाळांमध्ये जायचो, कधी बारवी धरणाकडच्या पाड्यांवरही. तिथे एका म्हाताऱ्यानं सगळ्या स्लाइड शांतपणे बघितल्या आणि म्हणाला, "पावसाचा काय सांगाचा, मास्तर? तो येल तवा येल." सर त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तासभर त्याच्याशी बोलले. कुणी खोडा घालावा आणि सरांनी न चिडता समजावावं, असा आमचा रविवार असायचा. प्रत्येक भाषणाचा शेवट ते एकाच वाक्यानं करायचे. "शास्त्रज्ञांची भांडणं आहेत ती किती तापेल यावर. तापेल की नाही, यावर नाहीत." हे वाक्य मला तोंडपाठ होतं. आमच्या भाषणांना गर्दी कधीच नसायची, टाळ्या तर नाहीच... पण मला त्याचं काही वाटायचं नाही. सरांना वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

अंबरनाथच्या आमच्या मंडळात गणपतीत दरवर्षी वादविवाद व्हायचा. दोन वक्ते बोलायचे, शेवटी श्रोते हात वर करून निकाल द्यायचे. त्या वर्षी "पृथ्वी खरोखर तापते आहे का?" हा विषय मीच सुचवला. जे मोजून ठरलेलं आहे ते हात वर करायला लावून ठरवायचं, यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, मंडळात कुणालाच वाटलं नाही. आम्हाला सवयच तशी. अनुकूल बाजूनं मी बोलणार होते. प्रतिकूल बाजूचे वकील दुपारी तापानं आडवे झाले. सेक्रेटरी सावंत डोक्याला हात लावून बसले, तेव्हा पहिल्या रांगेतून सर उठले आणि म्हणाले, "मी बोलतो की." मला बरंच वाटलं. वाटलं, सर चार शब्द बोलतील, मला सांभाळून घेतील.

सर बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही, आणि आमच्या सुनंदाबाई पन्नास वर्षांनंतरचं सांगतायत." मांडव हसून लोटपोट. मग ते कारखान्यांकडे वळले. समोर निम्मे लोक पाळीवरून आलेले कामगार. "इथल्या चिमण्यांतून धूर निघतो तेव्हा घरातली चूल पेटते. बाईंना नक्की काय विझवायचंय?" टाळ्या थांबेनात. "शास्त्रज्ञांचं अजून ठरलेलं नाही," सर म्हणाले, "ठरलं की आम्हाला पोस्टकार्ड टाका." हे बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं, कारण ते त्यांनीच दिलेलं होतं. समारोपाची पाच मिनिटं मला मिळाली. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "सरांविरुद्ध मी काय बोलणार?" वाकून त्यांच्या पाया पडले. त्यालाही टाळ्या पडल्या. नंतर हात मोजायची गरजच उरली नाही.

घरी जाताना सर म्हणाले, "अगं, गंमत गं. वकील नाही का दोन्हीकडून बोलत?" मी मान डोलावली. एका दिवसाची गंमत मी गिळली असती. पण पुढच्या वर्षी उल्हासनगरच्या एका मंडळानं त्यांना तेच भाषण करायला बोलावलं, मग बदलापूरच्या, आणि सर गेले. नवे विनोद घालून गेले. आमचे रविवार आधी लांबले, मग बंद झाले. मी एकटी एका शाळेत विचारायला गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सर स्वतःच म्हणतात ना, ते अजून ठरायचंय म्हणून?" कंपनीत मला बघून "आज किती डिग्री, मॅडम?" सुरू झालं, ते मी सोसलं. शाळांची दारं बंद झाली, ते नाही सोसलं. मी सरांच्या घरी जाऊन सांगितलं, "सर, एकदा त्याच मांडवात उभे राहा आणि खरं काय ते सांगा. मला दुसरं काही नको." म्हणाले, "सांगतो. पुढच्या गणपतीत." असे पाच गणपती गेले.

शेवटचं भेटले ती हॉस्पिटलात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणायला खाली गेल्या होत्या. सर आपणहून म्हणाले, "तुझंच खरं होतं. मला त्या दिवशीही माहीत होतं." मी म्हटलं, "मला नका सांगू, सर. मला ते तुम्हीच शिकवलंय. लोकांना सांगा. मी कागद आणते, दोन ओळी लिहून द्या." त्यांनी पांघरूण वर ओढलं. मग म्हणाले, "तीस वर्षं खरं शिकवलं, सुनंदा. टाळ्या पडल्या त्या फक्त त्या भाषणाला..." आणि भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "मी गेल्यावर तू सांग."

म्हणून शोकसभेत मी उठले. माझ्याआधी तिघं बोलले होते, आणि तिघांनीही पोस्टकार्डाचा विनोद सांगितला होता. शोकसभेत लोक हसत होते. मी सरळ सांगितलं की सरांना स्वतःचं ते भाषण खोटं आहे हे माहीत होतं, हॉस्पिटलात ते मला तसं म्हणाले. सावंत उठले आणि फार मायेनं म्हणाले, "बाईंना धक्का बसलाय, आपण समजून घेऊ." बाहेर काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज नको होतं गं बोलायला."

सर, तुमचा निरोप मी सांगितला. तुमच्याविरुद्ध माझं कुणी ऐकणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तुम्ही तो माझ्यावर सोपवलात.