दर्यावरचा इलाज

यमुनाबाई गेली वीस वर्षं माझ्या दारात मासे घेऊन येते. तोंडाची फटकळ. घासाघीस केली की पाटी उचलून सरळ चालू लागते. आपल्या मुलाबद्दल, दीपकबद्दल, ती पहिल्यांदा बोलली तेव्हा मात्र पायरीवर बसून अगदी हळू बोलली.

"बाय, जाल्याची शिसा इकली त्यानं."

जाळं पाण्यात खाली राहावं म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या ओवतात. त्या काढून दीपकने विकल्या होत्या, गर्दच्या पुडीसाठी. रत्नागिरीत आता ती पुडी विडीकाडीसारखी मिळते, आणि जो तो दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलतो.

यमुनाबाईने अंगारे लावले, त्याला खोलीत कोंडलं, झाडूने बडवलं. मग तिला इलाज सुचला. तिचा भाऊ रघू बोटीवर तांडेल, बोट चालवणारा प्रमुख. त्याची बोट एकदा गेली की दहा दिवस किनारा बघत नाही.

"दर्यात कोन आनून देनार हाय त्याला पुडी?"

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. मीही म्हटलं, झकास सुचलं तुम्हाला.

लागोपाठ तीन खेपा झाल्या. बर्फ-डिझेल भरायला बोट बंदरात आली तरी रघू भाच्याला उतरू द्यायचा नाही. पहिल्या खेपेला दीपक ओकला, थरथरला, मामाचे पाय धरून रडला. तिसऱ्या खेपेला जाळं ओढू लागला, दोन माणसांचा भात जेवू लागला. घरी आला तेव्हा गाल भरले होते. यमुनाबाईने मला भलामोठा सरंगा मासा दिला, पैसे घेईना. ते बघून वाडीतल्या दोघींनी आपापली मुलं रघूच्या बोटीवर चढवली.

आठवड्याने दीपक केस कापायला म्हणून गेला. संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यामागे सापडला, गार पडलेला.

डॉक्टर बोलले तेव्हा मी यमुनाबाईशेजारी उभी होते. महिनाभर न घेतल्याने शरीराची सवय मोडते, माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो, आणि तेवढ्याने श्वास थांबतो. नुसतं तोडून भागत नाही, औषधं लागतात, पुढे कित्येक महिने सांभाळावं लागतं.

"म्हंजे मीच..." एवढंच ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही. तिला नसेल माहीत, मला माहीत असायला हवं होतं.

वायरलेसवर बातमी कळताच रघूने बोट माघारी फिरवली. तिसऱ्या दिवशी ती धक्क्याला लागली, त्या दोन मुलांसकट. सुतकातल्या माणसाने बोटीजवळ जायचं नाही, हा वाडीचा नेम. यमुनाबाई कुणाचं न ऐकता धक्क्यावर गेली, मी तिच्या मागोमाग.

"घरी नेऊ नका गो," ती त्या आयांना म्हणाली. "आदी दवाखान्यात न्या. दीपक असाच बरा दिसत होता."

एकीने ऐकलं, तिच्या मुलाला आम्ही रिक्षात घातलं. दुसरीने सुतकाचा विटाळ नको म्हणून आपल्या मुलाला बाजूला ओढलं आणि घरी घेऊन गेली.