एचआयव्ही, ड्रायरपेक्षा मोठ्यानं

आमच्या घरी काही आजारांची नावं हळू आवाजात घेतात. आत्याला कॅन्सर झाला तेव्हा आई फोनवर "तिला ते झालंय" एवढंच म्हणायची, आणि "ते"सुद्धा दाराकडे बघून. ही सवय मी पुण्याहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला सामानाबरोबर आणली आहे, हे मला एका शनिवारी सलूनमध्ये कळलं.

मी इथल्या एका सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये काम करते. आमच्याकडे एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, औषधं फुकट मिळतात. लागण टाळणारी प्रेप नावाची गोळीही मिळते. तरी ब्लॅक बायका फारशा येत नव्हत्या. मीटिंगमध्ये त्यांना "हार्ड टू रीच", म्हणजे पोचायला अवघड, म्हणायचे. मी मीटिंगमध्ये बोलत नाही. पण मला माहीत होतं, माझ्या फ्लॅटखालच्या सलूनमध्ये त्या दर शनिवारी वेण्या घालून घ्यायला चार-चार तास बसलेल्या असतात.

सलूनची मालकीण झिम्बाब्वेची, पन्नाशीची. ऑफिसात मी बॉसलाही पहिल्या नावानं हाक मारते. सलूनमध्ये टेस्टचं टेबल मांडू का, हे विचारायला गेले तेव्हा हिला मात्र तोंडून आपसूक "आंटी" गेलं.

"तुमच्यातही असतात का आंटी?" ती हसली. मग कंगवा रोखून म्हणाली, "एक शनिवार देते. माझ्या बायका अवघडल्या, तर परत विचारायचं नाही. ह्यावर माझं पोट आहे."

शनिवारी मी बेसिनशेजारी छोटं टेबल मांडलं. अर्ध्या वेण्या झालेली एक बाई वळली. "कसली टेस्ट गं? शुगरची?"

"एचआयव्ही," मी म्हणाले. म्हणजे, ओठ हलवले.

"आयव्हीएफ? नको बाई. चार आहेत मला."

सगळं सलून हसलं. मी हातमोज्यांचा खोका उगाच सरळ केला. आंटीनं ड्रायर बंद केला.

"एवढं हळू का बोलतेस? माझ्या दुकानात असं कुजबुजत फक्त चोरीचा माल विकायला येतात लोक. त्यांना मी हाकलते."

कुणी तरी पुन्हा हसलं, पण ती हसत नव्हती.

"माझ्या बहिणीला हेच झालं तेव्हा सगळे असेच कुजबुजत होते. तेव्हा औषध आलेलं होतं. पण औषध आहे, असं तिला कुणी मोठ्यानं सांगितलंच नाही." तिनं ड्रायर परत चालू केला. "आता सांग. ह्याच्यापेक्षा मोठ्यानं."

मी उभी राहिले.

"एचआयव्हीची टेस्ट. बोटाला टोचायचं, थोड्या वेळात निकाल. लागण असेल तर औषध आहे. ते नेमानं घेतलं आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. लागण नसेल तर ती टाळायला गोळी आहे. बायकांसाठीसुद्धा."

"बायकांसाठी?" चार मुलांची आई म्हणाली. "पोस्टरवर तर दोन पुरुषच असतात."

"पोस्टर चुकलंय," मी म्हणाले. एवढ्या ठामपणे मी मीटिंगमध्ये कधी बोलले नव्हते.

सगळ्यांच्या आधी आंटी स्वतः बसली. बोट पुढे करून म्हणाली, "टोच." निकाल मी तिला मागच्या खोलीत, शॅम्पूच्या खोक्यांमध्ये, दार लावून सांगितला. तो मी तिथे कुणाला कळू दिला नाही, इथेही लिहिणार नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. हिच्या मनातलं काही कळत नाही, अशी घरच्यांची लहानपणापासूनची तक्रार आहे. त्या बायकांनाही काही कळलं नाही. गुपित माझ्याकडे राहतं का, हेच त्यांना बघायचं होतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

मग चार मुलांची आई अर्ध्या वेण्यांसकट उठून आली. तिच्यानंतर आणखी दोघी. एकीनं मागच्या खोलीत गोळीबद्दल इतके नेमके प्रश्न विचारले, की ते तिनं बरेच दिवस मनात ठेवलेले असावेत. तिला मी क्लिनिकची वेळ तिथेच घेऊन दिली.

मी टेबल आवरत होते. आंटी एका हातानं ड्रायर धरून दुसऱ्या हातानं अपॉइंटमेंटची वही उघडत होती.

"पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार," ती म्हणाली. "काय लिहू?"

"एचआयव्ही," मी म्हणाले.

ड्रायर चालूच होता. तिला परत विचारावं लागलं नाही.