तिसरी मागणी आणि सदतीस पॉइंट सहा

आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या काकांवर अन्याय झाला. तो साथीच्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना, आमच्या विद्यापीठाच्या मैदानाच्या फाटकावर झाला. मी तेव्हा तिथून चार पावलांवर हातात पाटी घेऊन उभी होते. अन्याय करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

काका कोण, तर जपानात जे हजारो नियम आहेत ते ज्या एका माणसाच्या भरवशावर केले गेले असावेत, तो माणूस. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीनं त्यांना तीन वर्षांसाठी कोबेला पाठवलं आणि मग बहुधा त्यांना परत बोलवायचं कंपनी विसरली, कारण त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत त्यांनी बाटलीचं झाकण बाटलीबरोबर टाकल्याचं कुणी पाहिलेलं नाही. झाकण वेगळं, बाटली वेगळी, बाटलीवरचा कागद वेगळा, आणि बाटली धुऊन, पालथी घालून, वाळवून. एकदा गाडीत त्यांना सीटवर एक हातमोजा सापडला. तो द्यायला ते शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले, तिथे फॉर्म भरला, 'कोणत्या हाताचा' या रकान्यात 'डावा' लिहिलं आणि खात्री करायला तो एकदा घालूनही पाहिला. या भानगडीत परतीची गाडी उशिरा आली. जपानी रेल्वे उशीर झाला की तसं लेखी प्रमाणपत्र देते. ऑफिसात दाखवायला लोक ते घेतात. काकांनी ते आमच्या घरी गणपतीच्या आरतीला उशिरा आल्याबद्दल माझ्या आईला सादर केलं. आईनं ते काही दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

असा माणूस कॉलेजच्या फुटबॉलचा वेडा असावा, याचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर उशा बांधून एकमेकांवर आदळायचा तो अमेरिकन प्रकार, ज्याला इथे अमेफुतो म्हणतात आणि ज्याच्यासाठी आमच्या भागातली विद्यापीठं जीव टाकतात. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो चुकीच्या स्टेशनवर उतरल्यामुळे. मैदानात वीस-बावीस मुलं एकमेकांच्या अंगावर पडलेली पाहून, ही मारामारी आहे अशा समजुतीनं ते सोडवायला निघाले होते. कुणीतरी त्यांना नम्रपणे वाकून थांबवलं आणि बसायला जागा दिली. त्या जागेवर ते एकोणीस हिवाळे बसले. नियम त्यांना शेवटपर्यंत पूर्ण कळले नाहीत, पण सिद्धान्त होता. "हा खेळ नाहीच मुळी," ते मला सांगायचे, "ही सरकारी फाईल आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकवायची. सरकली तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकली तर दुसऱ्याच्या टेबलावर."

आणि एरवी लिफ्टमध्येसुद्धा कुजबुजणारा हा माणूस मैदानात ओरडायचा. मराठीत ओरडायचा. त्यांची आरोळी एकच होती: "सोडू नको." आपल्या मुलानं चेंडू धरला, की "सोडू नको." दुसऱ्याच्या मुलाला आपल्या मुलानं धरलं, की तेव्हाही "सोडू नको." अर्थ न कळताही संघानं ती उचलली. चौथ्या वर्षाची मुलं जाताना ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवून जात. मुलं काकांना नावानं ओळखतच नसत. त्यांच्या लेखी ते 'सोदुनको-सान'.

आता माझी बाजू. मी त्या वर्षी त्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या ग्रंथालयाला कुलूप होतं, प्रयोगशाळा बंद, आमचे प्राध्यापक आठ महिने माझ्या टेबलावर पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत राहत होते. एका पुस्तकासाठी पाच मिनिटं आत जायला बंदी, आणि अकरा मुलांनी दुसऱ्या अकरा मुलांच्या तोंडासमोर धापा टाकत आदळायला परवानगी. ही मुलं संध्याकाळी घरी जाऊन आजीच्या शेजारी जेवायला बसणार होती. मला हे तेव्हा चूक वाटलं, आजही वाटतं, आणि या लेखाच्या शेवटी माझं मत बदललेलं असेल अशी कुणी आशा ठेवू नये. आम्ही तिघींनी मोहीम काढली. आठवड्याभरात एकीच्या आईनं तिला थांबवलं, दुसरीला पार्ट-टाइम नोकरी लागली, आणि मोहीम म्हणजे मी उरले.

पत्रकाचा मजकूर मी काकांच्या घरी लिहिला, कारण प्रिंटर त्यांच्याकडे होता. काका पूर्णपणे विरोधी पक्षात होते. त्यांनी माझं पत्रक लाल पेन घेऊन तपासलं.

"विचार चुकीचा आहे तुझा," ते म्हणाले. "पण वाक्य तरी नीट लिही. इथे 'निर्लज्ज' कशाला?"

"कारण ते आहेत."

"असतील. पण एका पानात तीनदा नसावेत."

"काका, तुम्हाला खरंच वाटतं, खेळावं म्हणून?"

"तुझं शेवटचं वर्ष पुढच्या वर्षी येणार आहे. संघातल्या त्या बावन्न नंबरच्या मुलाचं चालू आहे. त्याला कुणी विचारलं?"

"विचारलं तर तो हो म्हणणारच. म्हणूनच त्याला विचारून ठरवायचं नसतं."

हा मुद्दा काकांना पटला नव्हता, पण वाक्य आवडलं होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं. मग लाल पेननं माझ्या मागण्यांवर टकटक केली. पहिली मागणी: हंगाम रद्द करा. दुसरी: निदान प्रेक्षक बंद करा.

"या दोन्ही मान्य होणार नाहीत," काका म्हणाले. "एखादी अशी घाल की नाही म्हणताच येणार नाही. आकडा घाल. इथल्या माणसाला आकडा दिलास की तो फॉर्म छापतो."

अशी तिसरी मागणी जन्माला आली: येणाऱ्या प्रत्येकानं दोन आठवडे रोज सकाळी ताप मोजून लिहावा, आणि एकाही दिवशी साडेसदतीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आढळल्यास त्याला कारण न ऐकता परत पाठवावं. 'कारण न ऐकता' हे शब्द माझे. बाकी सगळी काकांची बुद्धी. काकूंनी सगळ्याचं जपानीत भाषांतर केलं. काकू स्टेशनजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात काम करायच्या, त्यामुळे त्यांची जपानी गिऱ्हाईकाला दुखवायची नाही अशा घडणीची होती. 'हा निर्लज्जपणा ताबडतोब थांबवा' हे वाक्य त्यांच्या हातून 'आपणास फार गैरसोय होणार नसल्यास एकवार विचार करावा ही विनंती' असं होऊन बाहेर पडलं. त्या दिवशी काकांनी माझ्यासाठी तीनशे पत्रकांच्या घड्या घातल्या. कडेला कड जुळवून. माझ्या विरुद्ध मताच्या माणसानं माझ्यासाठी एवढं काम केल्याचं मला नंतर कुठल्याही चळवळीत आढळलं नाही.

विद्यापीठानं पहिल्या दोन मागण्या फेटाळल्या आणि तिसरी जशीच्या तशी उचलली. वर आपल्याकडून एक कलम जोडलं: प्रेक्षकांनी ओरडू नये, फक्त टाळ्या वाजवाव्यात.

याच सुमारास काकांच्या कंपनीला ते आठवले. कोबेचं ऑफिस वर्षअखेर बंद, काका ठाण्याला परत. म्हणजे नोव्हेंबरातला तो शेवटचा शनिवार बावन्न नंबरचा शेवटचा सामना होता, आणि काकांचाही. त्यांनी मोजक्या प्रेक्षकांच्या सोडतीत नाव घातलं आणि ते निघालं. दोन आठवडे ते रोज सकाळी ताप मोजून फॉर्म भरत होते. ओरडायचं नाही याचीही तयारी चालली होती. टीव्हीवर जुना सामना लावून तोंडावर हात ठेवून बसायचे. काकू म्हणाल्या, "बघवत नाही गं. उचकी अडकल्यासारखं करतात."

शनिवारी मी फाटकापाशी पाटी घेऊन उभी राहिले, एकटी. काका आले, नवा मास्क, डोक्यावर संघाची टोपी. माझ्या पाटीला त्यांनी सहकाऱ्याला करावा तसा नमस्कार केला आणि फॉर्म टेबलावर दिला. टेबलाशी संघाची व्यवस्था पाहणारी एक विद्यार्थिनी होती. तिनं पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीवर पट्टी थांबली. त्या सकाळचा आकडा: सदतीस पॉइंट सहा.

ती वाकली. काका वाकले. ती आणखी वाकली. काकांनीही माघार घेतली नाही. मी पाटी बगलेत मारून धावले.

"काका, ताप आहे तुम्हाला?"

"छे गं. ठणठणीत आहे."

"मग हे काय लिहिलंय?"

"जे दिसलं ते."

"थर्मामीटर कुठे लावलात?"

"तोंडात. आणखी कुठे लावतात?"

अख्खा जपान थर्मामीटर काखेत लावतो. तो साडेसदतीसचा आकडा काखेचा आहे. तोंडात तोच माणूस अर्धा अंश वर जातो. "चहा झाला होता?" मी विचारलं.

"चहाशिवाय मी सकाळी कुठलंही शास्त्रीय काम करत नाही. आज शेवटचा सामना म्हणून दोन कप झाले."

मी त्या मुलीकडे वळले. सांगितलं, यांना ताप नाही, चहा आहे; पुन्हा मोजा, काखेत मोजा, मी हमी देते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग खालून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. फाईलमध्ये माझं पत्रक होतं, काकांनी घातलेल्या घडीसकट. तिसऱ्या मागणीतल्या 'कारण न ऐकता' या शब्दांखाली पट्टीनं रेघ मारलेली होती.

"आम्हाला हे फार योग्य वाटलं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. संघाबरोबर वावरून तीही सोदुनको-सानला ओळखत असणारच.

आयुष्यात माझी एकच मागणी मान्य झाली आहे, आणि तिच्यात एकच माणूस सापडला.

"काका, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

"सही आहे माझी त्याच्यावर," काका म्हणाले. "चल. मुलीला त्रास नको."

आमच्याकडे दिशा दोनच, डोंगराकडची आणि समुद्राकडची. डोंगराकडे मैदानाच्या कुंपणाबाहेर एक उतार आहे. तिथून मैदानाचा तिसरा हिस्सा दिसतो. माझी पाटी उलटी करून मी काकांना बसायला दिली आणि दोन मीटर सोडून गवतावर बसले. खाली सामना सुरू झाला. ते मैदान इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचे आवाज आणि मग हळदीकुंकवाला जमल्यासारख्या सभ्य टाळ्या. दिसत नसलेल्या दोन हिश्श्यांत काय चाललंय ते आम्ही टाळ्यांवरून ताडत होतो. काका ताठ बसून होते, टोपी मांडीवर.

"इथे बाहेर ओरडायला बंदी नाही, काका."

"बंदी नाही. पण ज्याला आत घेतलं नाही त्यानं बाहेरून ओरडणं बरं दिसत नाही."

शेवटची मिनिटं आली. आमचा संघ तीन गुणांनी पुढे होता आणि समोरच्यांची फाईल सरकत सरकत नेमकी आमच्या हिश्श्यात आली. बावन्न नंबरनं चेंडूवाल्याच्या कमरेला मिठी मारली. तो पडेना. तो याला ओढत निघाला, एक यार्ड, दोन यार्ड. टाळ्यासुद्धा थांबल्या. काकांचा हात आपोआप तोंडावर गेला, दोन आठवड्यांच्या सवयीनं.

मग उतारावरून कुणीतरी ओरडलं, "सोडू नको."

ती मी होते. ज्या सामन्याविरुद्ध मी तीनशे पत्रकं वाटली, त्याच्यात, मास्क हनुवटीवर ओढून, घसा फुटेस्तोवर. बावन्न नंबरनं सोडलं नाही. दोघं पडले आणि सामना संपल्याची शिट्टी झाली. उठल्यावर त्यानं हेल्मेट काढलं आणि उताराकडे तोंड करून कमरेत वाकला. त्याच्यामागे एकेक करत सगळे वाकले. काका उठून उभे राहिले, टोपी घातली आणि वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. झाले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्क वर घे. नाकाच्या वर."

नव्या वर्षात ते ठाण्याला गेले. घर सोडताना त्यांनी शेवटची बाटली धुतली, झाकण वेगळं केलं. अजून हिवाळ्यात त्यांचा फोन येतो. मी गुण सांगते, ते फाईल कुठपर्यंत सरकली ते विचारतात. "ओरडतंय का कुणी?" असंही विचारतात. मी "हो" म्हणते. खरं तर आता सगळ्यांना परवानगी आहे, पण प्रेक्षकांत मराठीत ओरडणारी मी एकटी.

माझं मत अजून तेच आहे: त्या वर्षी खेळायला नको होतं. पत्रक पुन्हा लिहायची वेळ आली तर पहिली मागणी तशीच ठेवीन. तिसरीतले 'कारण न ऐकता' हे तीन शब्द मात्र मी मागे घेते, आणि आता मागणी तुमच्याकडे आहे. कधी ना कधी तुम्हालाही कुठल्यातरी फाटकावर बसवतील, हातात यादी आणि पट्टी देऊन. नियम पाळा, जरूर पाळा. पण समोरच्या माणसाला परत पाठवण्याआधी मान वर करून एकदा विचारा, थर्मामीटर कुठे लावला होतात. आणि तो काय सांगतो ते ऐका.