हॉलमध्ये खाट, ओट्याशेजारी कॉम्प्युटर

बाबांची खाट हॉलमध्ये लावायची तर माझा कॉम्प्युटर उठवावा लागणार, हे खाट दारात येईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाड्याची खाट, दोन्ही बाजूंना दांडे, डोक्याकडचा भाग वर करायला हँडल. लिफ्टमध्ये मावेना म्हणून दोघा माणसांनी ती जिन्यानं वर आणली आणि धापा टाकत विचारलं, "कुठे टाकायची?" आमच्या घाटकोपरच्या घरात खिडकीजवळची एकच भिंत मोकळी होण्यासारखी, आणि तिथे माझं टेबल. बाबांना दुपारी हॉस्पिटलमधून सोडणार होते. म्हटलं, इथेच टाका, आणि टेबल ओढत स्वयंपाकघरात नेलं. ओटा आणि फ्रिज यांच्या मध्ये ते कसंबसं बसलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आता मी भाकरी खय थापू?" कॉम्प्युटरच्या मागून लोंबणारी इंटरनेटची वायर हातात धरून मी उभी होते. ती हॉलमधल्या राऊटरपर्यंत पोचत नव्हती.

सगळं त्या एवढ्याशा वायरीवरच अडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी बाबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, पाय हळूहळू येईल, हाताचं मात्र काही सांगता येत नाही. घरी नेल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. आई सत्तरीची, बाबांच्या निम्म्या वजनाची. ती एकटी त्यांना कशी वळवणार? भावंडं मला नाहीत आणि लग्न मी केलं नाही. म्हणजे उरले मी.

माझी नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात, विम्याच्या क्लेमचे कागद तपासायची. घरून काम करू द्या म्हणून साहेबांकडे गेले. आमचे साहेब म्हणजे कोरडा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठली बाजू गेली?" म्हटलं, उजवी. "हं," म्हणाले आणि परत स्क्रीनकडे बघायला लागले. मला इतका राग आला ना! मग म्हणाले, सोमवार ते बुधवार करून बघा. मोबाईलचं नेट चालणार नाही, घरची लाईन हवी. मध्येच तुटली तर अर्धी झालेली फाईल उडते, पुन्हा पहिल्यापासून. "तीन दिवस टिकली तर पुढे बघू. नाही टिकली तर गुरुवारी ऑफिसला या."

गुरुवारी ऑफिसला गेले तर बाबांना कोण वळवणार, हा प्रश्न मी त्या दिवसांत इतक्या वेळा स्वतःला विचारला की भाजी चिरतानासुद्धा माझे ओठ हलायचे.

लांब वायर ओढायची तर ती बरोबर स्वयंपाकघराच्या दारातून जाणार. आई त्यात पाय अडकून पडली असती तर घरात दोन खाटा लागल्या असत्या. राऊटर हलवायला इंटरनेटवाल्यांना फोन केला, ते म्हणाले आठवडा लागेल. मग कोणीतरी सुचवलं, वायफायचा अडॅप्टर मिळतो, कॉम्प्युटरला मागे खोचायचा, वायर लागतच नाही. बाबांना घरी आणून, खाटेवर नीट झोपवून, मी तशीच चप्पल घालून स्टेशनजवळच्या दुकानात गेले. चष्मा कपाळावर चढवलेल्या दुकानदारानं अंगठ्याच्या नखाएवढी एक वस्तू काउंटरवर ठेवली. "लगाओ, चल जाएगा. टेन्शन मत लो." टेन्शन मत लो म्हणे! याच्या घरी खाट आली असती म्हणजे कळलं असतं.

घरी आले तेव्हा बाबा छताकडे बघत होते. मला बघून "हे... हे..." करायला लागले. तेवढा एकच शब्द त्यांना उरला होता. आईनं पाणी पाजलं. पाणी नको होतं. चादर सरळ केली, तीही नको होती. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. बाबांचं ते हार मानून गप्प होणं मला बघवेना. हा माणूस कधी गप्प बसला नव्हता हो. गिरणी बंद पडल्यावर ते एका ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. संध्याकाळी सगळे गेले की एकेका खोलीतले दिवे-पंखे बंद करायचे आणि कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांनी घरीही आणलं. मी बाथरूममध्ये असताना बाहेरून दिवा बंद! "बाबा, मी आत आहे!" असं ओरडलं की म्हणायचे, "मग गाणं म्हण, म्हणजे कळेल." आता बाथरूमचा दिवा दिवसभर जळत राहायचा आणि कुणी काही बोलायचं नाही.

रविवारी सकाळी अडॅप्टर खोचला. काही नाही. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. त्याच्या खोक्यात एक छोटी सीडी होती, पण आमच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. वाट लागली, म्हटलं. ऑफिसातल्या एकीला फोन केला. ती म्हणाली, अगं, ड्रायव्हर लागतो त्याला. म्हणजे अडॅप्टर कसा चालवायचा हे कॉम्प्युटरला शिकवणारा प्रोग्रॅम. तो नेटवरून उतरवून घे. आता नेट चालू व्हायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर मिळायला नेट हवं! मला रडूच यायचं बाकी होतं. तिनंच मग युक्ती सांगितली: मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोड, तेवढ्यापुरतं त्याचं नेट वापर.

तसं केलं. ड्रायव्हर उतरवला. चालला नाही. एकाच अडॅप्टरचे म्हणे तीन प्रकार, आणि आपला कुठला ते त्याच्या पोटावर छापलेलं. ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. आईचा तांदूळ निवडायचा चष्मा माझ्या चष्म्यावर चढवला, खिडकीत गेले, तेव्हा कुठे आकडा दिसला. मी पहिला घेतला होता, हवा होता तिसरा. पुन्हा सगळं. मधेच आई हाक मारायची, "चल गो, बाबांका वळवूचे हत," की हात झटकून उठायचं. मी खांद्याखाली हात घालायचे, आई कमरेला धरायची. उजवा हात बाजूला पडायचा तो मी उचलून त्यांच्या पोटावर ठेवायचे. जड आणि गार. आई रोज सकाळी त्या हाताला तेल चोळून म्हणायची, "उचला बघू." बाबा नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

दुपारी त्रिकोण गेला. मजल्यावरच्या सगळ्या घरांची वायफायं स्क्रीनवर आली, आमचं सोडून. आमचं सगळ्यात खाली, सिग्नलची एकच दांडी, तीही जाऊन-येऊन. कॉम्प्युटरच्या पाठीशी आईची स्टीलच्या डब्यांची मांडणी. त्या पत्र्याच्या भिंतीतून सिग्नल कसा येणार? ड्रॉवरमध्ये एक जुनी जोडवायर होती. तिच्या टोकाला अडॅप्टर लावला आणि दाराजवळच्या हुकला, उलथन्याशेजारी, टांगला. चार दांड्या आल्या. मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, "हात खरकटे हत माझे."

सोमवारी साडेनऊला बसले. अकरापर्यंत झकास चाललं. नंतर लाईन तुटली. मी हुकवरचा अडॅप्टर काढला, फुंकला, परत लावला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. दहा मिनिटांनी सुचलं की राऊटर तरी बघावा. हॉलमध्ये गेले तर राऊटर मेलेला. बटणच बंद!

तो राऊटर आणि त्याचा बोर्ड कॉम्प्युटरच्या टेबलासाठी म्हणून खाली बसवलेले. खाट आली तेव्हा तो बोर्ड बाबांच्या उशीच्या लगत, भिंतीच्या बाजूला आला. बाबांची उजवी बाजू भिंतीकडे, डावी बाजू आमच्याकडे, म्हणजे जेवण-पाणी द्यायला बरं. डावा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं, दोनदा बघितलं होतं मी ते. आणि आईची सवय मला माहीत. झाडू मारायच्या आधी ती घरातली सगळी बटणं बंद करते, शॉक लागेल म्हणून.

"आई, बटण का बंद केलंस?"

"मी नाय केलंय. मी खयच्या बटनाक हात लावूक नाय."

मंगळवारी पुन्हा तेच. एक जवळजवळ संपलेली फाईल उडाली. साहेबांचा मेसेज आला: "दुसरी वेळ." एवढंच. मी हॉलमध्ये गेले. बटण बंद, आणि खाटेपाशी आई वाटी-चमचा घेऊन उभी. माझं डोकं फिरलं. मी तिला काय काय बोलले ते आता लिहायलासुद्धा लाज वाटते. तुला कळत नाही का, माझी नोकरी जाईल, उद्यापासून तू एकटी उचल त्यांना, असलं. बाबा मोठमोठ्यानं "हे! हे!" करत होते. म्हटलं, झालं, बघ, तुझ्यामुळे त्यांनाही त्रास. आईच्या हातातली वाटी हिंदकळली. "देवाशप्पथ सांगतंय, मी नाय," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हात लावू नये, आणि तो बोर्डाच्या वर चिकटवला. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. कूस बदलायची वेळ झाली की ती नुसती येऊन उभी राहायची.

बुधवार शेवटचा. बाराला साहेबांनी स्वतः कॉल लावला, स्क्रीनवर, माझ्याबरोबर एक फाईल शेवटपर्यंत बघायला. मी चांगली साडी नेसले होते. मागे डबे दिसू नयेत म्हणून मांडणीवर चादर टाकली होती. निम्मी फाईल झाली, साहेब म्हणाले, "ठीक चाललंय," आणि त्यांचा चेहरा तोंड उघडं राहून गोठला.

गेलं. संपलं सगळं.

मी उठले ती तिरमिरीतच. "आई!" म्हणून किंचाळले. "काय गो?" आवाज बाथरूममधून आला. नळ सुरू होता, ती बाबांचे कपडे आपटत होती. मी हॉलच्या दारातच थांबले. बटण बंद होतं. हॉलमध्ये बाबांशिवाय कुणी नव्हतं.

मला खरंच भीती वाटली. मी पुढे होऊन बटण चालू केलं. राऊटरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लहानपणापासून ओळखते. कोणी नसताना दिवा कशाला जळतोय, ही ती नजर. मग त्यांचा उजवा खांदा हलला. पोटावरचा हात घसरून गादीवर पडला आणि गादीवरून भिंतीला टेकला. थांबला. पुन्हा निघाला, भिंतीला घासत, बोटं आत वळलेली, मनगट लोंबकळतंय, कपाळावर घाम आलेला. मुठीचा सांधा बटणावर आला. टक्.

"हे," बाबा म्हणाले.

"आई! आई, लवकर ये!" माझा आवाज फुटला. ती साबणाच्या हातांनी धावत आली, बाबांना काही झालं या भीतीनं पांढरीफटक. मी नुसतं बोट दाखवलं. हात अजून बटणावरच होता. तिनं तो बघितला, त्याच्यावरचा माझा कागद बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "माका चोर ठरवलंस," म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचे पाय धरले. तिनं माझ्या डोक्यात साबणाच्या हाताची एक टपली मारली.

स्वयंपाकघरात माझा फोन वाजत होता. साहेब. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला.

"लाईन गेली तुमची," ते म्हणाले.

"हो सर. बटण बंद झालं." मग म्हटलं, "बाबांनी बंद केलं."

मला वाटलं, आता गुरुवारचं सांगणार.

"कुठल्या हातानं?"

"उजव्या," म्हटलं.

त्यांनी घसा खाकरला. "लाईन आली की फोन करा. आणि बटणाची काहीतरी दुसरी सोय करा उद्यापर्यंत. घरूनच करा काम."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि हॉलमध्ये गेले. आईनं बाबांचा हात उचलून पुन्हा त्यांच्या पोटावर ठेवला होता आणि ती खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. लाईन टिकवायचीच असती तर राऊटरचा प्लग काढून दुसऱ्या बोर्डात घालता आला असता. तो मी काढला नाही. तेच बटण दाबलं. हिरवे दिवे लागले. बाबांनी आधी दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, असं की या पोरीला कधी अक्कल येणार, आणि त्यांचा खांदा पुन्हा हलायला लागला.